फिरवायला गेलो आणि जॉबच गायब!

मागच्या अंकात सीएनसी सिम्युलेशनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं काम आधी स्क्रीनवर चालवून बघण्यावर, चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा पाऊस पडला आणि बहुतेकांचं रडगाणं एकच, टूलपाथ (कटरची वाट) बनवता येतो हो, पण स्क्रीनवर नीट बघताच येत नाही. म्हणून यावेळी बाकीचे विषय बाजूला, फक्त कॅमेरा, म्हणजे स्क्रीनवरचा जॉब (कापायचा तुकडा) आपण ज्या डोळ्याने बघतो तो. फ्रीकॅड, फ्यूजन, सॉलिडवर्क्स ही पुढे येणारी नावं डिझाइनच्या सॉफ्टवेअरची. माऊस हातात घेऊनच वाचा.

सर, मी आयटीआयला आहे. फ्रीकॅडमध्ये टूलपाथ बघताना जॉब फिरवायला जातो तर तो भुर्रकन स्क्रीनच्या बाहेर जातो. परत शोधून आणेपर्यंत मास्तर पुढच्या धड्यावर. माऊस खराब आहे का? (सांगली)

माऊस बिचारा ठीक आहे. मुळात तू जॉब फिरवतच नाहीयेस, फिरतोय तो कॅमेरा, आणि कशाभोवती फिरायचं ते तू त्याला सांगितलेलंच नाहीस. खळ्यात मळणीला बैल फिरतात ते मधल्या तिवड्याभोवती, तो तिवडाच जर दोन शेतं पलीकडे रोवला असेल तर बैल तुझ्या खळ्यात कशाला थांबतील? तुझं तेच झालंय. झूम करत करत तू एका कोपऱ्यातल्या होलजवळ आलास, पण फिरण्याचा मध्य राहिला कुठेतरी मागे किंवा खोलात, आता माऊस जरा हलवला तरी कॅमेरा मोठ्या वर्तुळात फिरतो आणि होल पसार.

उपाय सोपा. जिथे बघायचंय त्या जागेवर मधलं बटण, म्हणजे चाकच, एकदा क्लिक कर (फ्रीकॅडची नेहमीची कॅड स्टाइल चालू असेल तर). ती जागा मध्यावर येते, आता फिरव. सॉलिडवर्क्समध्ये पण असंच आहे, कड किंवा फेसवर चाकाने क्लिक करायचं आणि मग चाक दाबून ओढायचं, त्याच्याभोवतीच फिरतं. आणि तरीही हरवलास तर घाबरायचं नाही, फ्रीकॅडमध्ये व्ही आणि त्यामागोमाग एफ, फ्यूजनमध्ये एफ ६, सॉलिडवर्क्समध्ये नुसतं एफ, सगळं परत स्क्रीनवर हजर.

कधी कधी मात्र हजर होतं ते मुंगीएवढं. याचं कारण बहुतेक वेळा असं की टूल बदलायला किंवा होमला (मशीनच्या ठरलेल्या जागी) जाणारी लांबलचक रेघ पण त्या 'सगळ्यात' मोजली जाते. अशा वेळी आधी जॉब सिलेक्ट कर आणि फ्रीकॅडमध्ये व्ही, एस दाब, फक्त निवडलेलंच भरून दिसेल. आणि हो, सिम्युलेशन चालू ठेवून कॅमेरा फिरवू नकोस, आधी पॉज कर.

पोरगा कॉम्प्युटरवर दाखवतो की कटर उजवीकडे चाललाय. मशीनवर बघतो तर टेबल डावीकडे पळतंय. वीस वर्षं व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन) चालवतोय, मला येडा समजतो का तो? का त्याचा कॅमेरा उलटा लागलाय? (शिरोली, कोल्हापूर)

साहेब, तुम्ही पण बरोबर आणि पोरगा पण बरोबर, घरात भांडण नको. एसटी सुटली की आत बसलेल्याला स्टँड मागे पळताना दिसतो ना, तसं आहे हे.

प्रोग्रॅमिंगची रीतच अशी आहे, आयएसओ ८४१ नावाच्या मानकात ती लिहिलेली पण आहे, की जॉब जागेवर स्थिर आहे आणि टूलच हलतंय असं धरायचं. एक्स म्हणजे डावी-उजवी दिशा, म्हणजे एक्स प्लस म्हटलं की टूल जॉबच्या मानाने उजवीकडे जायला पाहिजे. तुमच्या व्हीएमसीत स्पिंडल (कटर फिरवणारा दांडा) एक्समध्ये हलतच नाही, हलतं टेबल, म्हणून टूल उजवीकडे 'जावं' यासाठी मशीन टेबलला डावीकडे नेतं. कट तोच पडतो.

आता स्क्रीनवर काय दिसणार हे कॅमेरा कशाला बांधलाय त्यावर आहे. जॉबला बांधला तर जॉब गप्प बसतो आणि कटर नाचतो, पोरगा तेच बघतोय. मशीनच्या बेडला बांधला तर तुम्ही रोज बघता ते दिसतं. व्हेरिकटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तर या दोन्हींचे व्ह्यू वेगवेगळेच असतात, दोन्ही शेजारी शेजारी उघडून ठेवता येतात. फाइव्ह अॅक्सिसवाल्यांनी (पाच अक्षांची मशीन चालवणाऱ्यांनी) एकदा मुद्दाम गंमत म्हणून बघा, ट्रनियन टेबल, म्हणजे झुलणारं टेबल, तिरकं होतं तेव्हा कॅमेरा जॉबला बांधलेला असला तर जॉब स्थिर आणि सगळी मशीनच त्याच्याभोवती घिरट्या घालते, चक्कर यायची बाकी राहते.

तुमच्यासाठी माझा सल्ला, पोराला सांगा मशीनचं मॉडेल लोड कर, दार आणि गार्ड हाइड कर आणि कॅमेरा तिथे लाव जिथे बाबा उभे राहतात, म्हणजे समोरून, डोळ्याच्या उंचीवरून, थोडं खाली बघत. मग त्या व्ह्यूला नाव देऊन सेव्ह करून टाकायचं. फ्यूजनमध्ये डाव्या बाजूच्या ब्राउझरमध्ये नावाच्या व्ह्यूंचं फोल्डर असतं, सॉलिडवर्क्समध्ये स्पेसबार दाबला की व्ह्यूचा डबा उघडतो, तिथे सेव्ह होतं. आमच्याकडे त्या व्ह्यूचं नाव 'ऑपरेटर' असंच होतं आणि शॉप फ्लोअरवर प्रोग्रॅम समजावताना दुसरा व्ह्यू उघडायचाच नाही असा दंडक होता, निम्मे वाद तिथेच मिटायचे.

ऑफिसमध्ये सॉलिडवर्क्स, घरी फ्यूजन. एकात चाक दाबून ओढलं की फिरतं, दुसऱ्यात सरकतं. हात गोंधळतो. आणि लॅपटॉपवर तर चाकच नाही. (नाशिक)

ताई, हात तुमचा नाही गोंधळत, कंपन्यांनी गोंधळ घालून ठेवलाय. सॉलिडवर्क्समध्ये नुसतं चाक ओढलं की फिरतं, कंट्रोलसोबत ओढलं की सरकतं. फ्यूजनमध्ये नुसतं चाक म्हणजे सरकवणं आणि शिफ्टसोबत चाक म्हणजे फिरवणं. पण फ्यूजनच्या प्रेफरन्सेसमध्ये जनरलमध्ये जा, तिथे माऊसची पद्धत निवडायला मिळते आणि त्यात चक्क सॉलिडवर्क्सचं नाव आहे. ते निवडा, विषय संपला. झूम उलटा वाटत असेल तर तो उलटवायची टिक पण तिथेच आहे.

लॅपटॉपचं म्हणाल तर चाकाचा साधा माऊस घ्या, खरंच. प्रवासात अगदीच नसेल तर फ्रीकॅडमध्ये जेस्चर स्टाइल लावा, डावं बटण ओढलं की फिरतं, उजवं ओढलं की सरकतं, चाकावाचून काम निभतं. टचपॅड नावाची पण एक स्टाइल आहे, त्यात फिरवायला ऑल्ट लागतो, आणि लिनक्सवर पुष्कळदा ऑल्ट धरून ओढलं की जॉबऐवजी अख्खी विंडोच सरकते. मी एकदा अर्धा तास फ्रीकॅडला शिव्या घालत बसलो होतो, दोष त्याचा नव्हताच.

सिम्युलेशनमध्ये होल्डर (कटर धरणारा) आणि क्लॅम्पमध्ये (जॉब दाबून धरणारा) चांगला तीन-चार मिलीचा गॅप दिसत होता. मशीनवर होल्डर क्लॅम्पला लागला. सॉफ्टवेअर खोटं बोलतं का? (चाकण)

हा प्रश्न वाचून पोटात गोळा आला, कारण मी हेच केलंय. भोसरीच्या एका कारखान्यात नवीन होतो, तिरक्या व्ह्यूमध्ये सिम्युलेशन बघितलं, झकास मोकळं दिसत होतं, पहिल्याच पीसला कोलेट चक (होल्डरचाच एक प्रकार) व्हाइसच्या, म्हणजे जॉब पकडणाऱ्या शिकंजाच्या, जबड्यावर ठोकला. तो आवाज अजून कानात आहे. सुपरवायझर काही बोलले नाहीत, नुसता तो वाकडा होल्डर माझ्या टेबलावर आणून ठेवला, महिनाभर पेपरवेट म्हणून.

सॉफ्टवेअर खोटं बोलत नाही, तिरका व्ह्यू बोलतो. कसं ते आकड्यात बघा. कॅमेरा समोरून ३० अंश खाली झुकलेला आहे समजा. होल्डर क्लॅम्पच्या १२ मिमी मागे आहे, म्हणजे तुमच्यापासून लांब, वाय प्लसकडे. खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याला मागची वस्तू वर दिसते, १२ मिमी मागे म्हणजे स्क्रीनवर त्याच्या निम्मी, ६ मिमी वर. आता होल्डरचा तळ खरं तर क्लॅम्पच्या माथ्यापेक्षा ३ मिमी खाली आहे, पण तिरकेपणामुळे ते ३ मिमी पण आकसून साधारण २.६ होतात. ६ मधून २.६ गेले, राहिले ३.४. म्हणजे तुम्हाला दिसला ३.४ मिमीचा गॅप आणि खरी गोष्ट अशी की होल्डर ३ मिमी खाली आहे. प्रोग्रॅमच्या पुढच्या ब्लॉकला (ओळीला) वाय मायनसमध्ये, म्हणजे तुमच्याकडे, आला की ठोकलाच.

म्हणून गॅप बघायचा तो सरळ व्ह्यूमध्ये. आधी समोरून, मग उजवीकडून, फ्रीकॅडमध्ये आकडा १ आणि आकडा ३, सॉलिडवर्क्समध्ये कंट्रोलसोबत १ ते ७ मध्ये सगळे ठरलेले व्ह्यू आहेत. आणि पर्स्पेक्टिव्ह बंद करून ऑर्थोग्राफिक लावा, कारण पर्स्पेक्टिव्हमध्ये जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसतं, दिसायला छान, पण त्यात अंतर जोखायला जाऊ नका. समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून एकाच क्षणी टूल पॉज करून बघितलं तरच म्हणा मोकळं आहे.

तरीही लागलं असेल तर कॅमेऱ्याला सोडा आणि दोन गोष्टी तपासा. एक, होल्डर आणि क्लॅम्प मॉडेलमध्ये खऱ्या मापाचे आहेत का, बरेच जण टूल काढतात आणि होल्डर विसरतात, क्लॅम्प तर सेटरने आयत्या वेळी भलताच लावलेला असतो. दोन, जी शून्य, म्हणजे न कापता झपाट्याने जायची रॅपिड आज्ञा. पुष्कळ कंट्रोलरवर रॅपिडमध्ये प्रत्येक अक्ष आपापल्या पूर्ण वेगाने धावतो, ज्याचं अंतर कमी तो आधी पोचून थांबतो, त्यामुळे वाट सरळ न राहता मोडलेली होते, आणि सिम्युलेशनमध्ये मात्र ती सरळ रेघ काढलेली असू शकते. तुमच्या मशीनवर कसं आहे ते सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ चालवून), रॅपिड ओव्हरराइड, म्हणजे रॅपिडचा वेग, कमी करून एकदा डोळ्याने बघून घ्या.

फिरवता फिरवता मशीन तिरपी होते, भूकंप झाल्यासारखी. सरळ कशी करू? (छत्रपती संभाजीनगर)

स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या ठोकळ्यावर क्लिक करा, फ्रंट लिहिलेल्या बाजूवर, झालं. ऑटोडेस्कने २००८ च्या सुमारास हा ठोकळा आणला आणि मग जिकडेतिकडे दिसायला लागला, कारण दुखणं जुनं आहे. माऊस हलतो दोन दिशांत, वस्तू फिरते तीन अक्षांत, तिसरं फिरणं आणायचं कुठून? १९८८ मध्ये काहींनी स्क्रीनवर अदृश्य गोळा आहे असं मानून तो माऊसने फिरवायची पद्धत मांडली, १९९२ मध्ये केन शूमेक यांनी त्यात सुधारणा केली, आर्कबॉल म्हणतात तिला. असा गोळा मोकळा फिरतो, त्यामुळे मशीन आडवी-तिरपी पण होते. मशीन बघायला एवढं स्वातंत्र्य लागत नाही, जमीन कायम खाली राहिली म्हणजे पुरे. फ्रीकॅडमध्ये नॅव्हिगेशनच्या सेटिंगमध्ये ट्रॅकबॉलऐवजी टर्नटेबल निवडा, फ्यूजनमध्ये फ्री ऑर्बिटऐवजी कन्स्ट्रेन्ड.

खूप जवळ गेलं की जॉबचा पुढचा भाग कापल्यासारखा होऊन आतलं दिसतं. मॉडेल फुटलंय का? (वाचक, गोवा)

नाही फुटलं. कॅमेऱ्यापुढे एक ठरावीक अंतर असतं, त्याच्या अलीकडचं सॉफ्टवेअर काढतच नाही. थोडं मागे या, दिसेल. आत मुद्दामच बघायचं असेल तर सेक्शन व्ह्यू (मॉडेल कापून आतलं दाखवणारा) वापरा.

लेथच्या सिम्युलेशनमध्ये टूल जॉबच्या वरून येतं, आमच्या जुन्या लेथवर तर आपल्या बाजूने येतं. (जळगाव)

तुमचा फ्लॅट बेड आहे, टूलपोस्ट पुढे, म्हणून एक्स प्लस तुमच्याकडे येतो. स्लँट बेडला (तिरक्या बेडच्या लेथला) टरेट, म्हणजे टूलं बसवलेलं फिरतं डोकं, मागे आणि वर असतो, तिथे एक्स प्लस वर जातो, स्क्रीनवरचं चित्र त्याच हिशोबाने असतं. सेटअपमध्ये मशीन बदला, कॅमेरा उलटा करून फसवाफसवी करू नका, नाहीतर स्पिंडलची दिशा वाचताना घोळ होईल.

ते गोल मुठीचं स्पेसमाऊस घेऊ का? (पुणे)

दिवसभर फाइव्ह अॅक्सिसची मॉडेलं फिरवत असाल तर घ्या, डाव्या हाताने कॅमेरा आणि उजव्याने काम, सवय लागली की सोडवत नाही. मूठ ढकला, ओढा, पिळा, सहाही हालचाली एका हातात, जर्मनीच्या अंतराळ संशोधन संस्थेत रोबो चालवायला केलेल्या कामातून ते आलंय. पण आठवड्याला दोन प्लेट मारणाऱ्या वर्कशॉपला त्याचं काय काम? त्या पैशात क्लॅम्प आणि होल्डरची मापं घ्यायला एक चांगला डिजिटल व्हर्नियर घ्या, आणि सांगितलेले दोन सरळ व्ह्यू आज संध्याकाळी लावून बघा, जमलं नाही तर स्क्रीनचा फोटो पाठवा, पण कृपा करून अख्ख्या स्क्रीनचा, मागच्या वेळी एकाने नुसत्या लाल रेघेचा पाठवला होता.