ट्रायल्स शिकायचंय? आधी उभं राहायला शीक

ट्रायल्स म्हणजे पाय न टेकता सायकलने अडथळे पार करायचा खेळ. त्याची खास सायकल लगेच घेऊ नकोस. तिला बहुतेकदा सीटच नसते, रोजच्या वापराला ती निरुपयोगी. आहे ती एमटीबी (माउंटन बाइक) चालेल. सीट पूर्ण खाली कर, सपाट पेडल लाव.

पहिले दोन महिने एकच काम: जागच्या जागी तोल. पेडल आडवे, सोयीचा पाय पुढे, हँडल किंचित वळवलेलं, नजर चाकावर नाही तर दोनतीन मीटर पुढे. सगळे नवखे इथेच चुकतात, पहिल्याच दिवशी कट्ट्यावर उडी मारायला जातात. पण या खेळात पाय टेकला की दंडाचा गुण बसतो, म्हणून तोल हाच पाया. दिवसाला वीस मिनिटं दे, जमेल तुला, नक्की.

ब्रेक एका बोटाने, दोन्ही. हात ताठ नकोत.

हेल्मेट आणि नडगीला गार्ड पहिल्या दिवसापासून. पेडलचे खिळे नडगी सोलतात, मी सोसलंय.

वांद्र्याच्या बँडस्टँडचे समुद्रकाठचे खडक खुणावतील, पण शेवाळावर टायर टिकत नाही. सध्या सोसायटीचं पार्किंग बरं. समुद्राकाठी चालवलीस तर गोड्या पाण्याने धू, चेनला तेल दे.

मागच्या चाकावरच्या उड्यांचं नंतर बोलू. तोल एक मिनिट टिकला की कळव.