विचारा सरांना : शाळेत शिकवलेली बंदूक

प्रश्न : मोरजीला आमच्या दोन खोल्या भाड्यानं जातात. दर हिवाळ्यात येणारे एक रशियन पाहुणे, पंचावन्नच्या पुढचे, परवा सांगत होते की शाळेत ते कलाश्निकोव्ह रायफल सुटी करून पुन्हा जोडायचे आणि मास्तर घड्याळ लावून उभे असायचे. हे खरं असेल का? आमचा मुलगा आठवीत आहे, एनसीसीत जायचं म्हणतो. हे ऐकल्यापासून फॉर्मवर सही करायला हात धजत नाही.
— एक आई, मोरजी

उत्तर : ताई, पाहुणे खरं तेच बोलले. 1967 साली सोव्हिएत संघात लष्करी सेवेचा नवा कायदा झाला. सैन्यातली सक्तीची सेवा 3 वर्षांवरून 2 वर आली, भरतीचं वय 19 वरून 18 वर. कमी झालेल्या वर्षाची भरपाई शाळेनं करायची असं ठरलं. शेवटच्या दोन इयत्तांत मिळून 140 तास, शिकवायला बहुधा निवृत्त अधिकारी. कवायत, गॅस मास्क चढवणं, खोटा हातगोळा फेकणं, कलाश्निकोव्हची जोडणी आणि छोट्या रायफलीनं नेमबाजी. ती रायफल 5.6 मिलिमीटरची, म्हणजे आपल्या एनसीसीतली पॉइंट टू-टूच.

फोंड्याजवळच्या एका हायस्कुलात मी बरीच वर्षं एनसीसीचा ट्रूप सांभाळला. पहिल्यांदा रायफल हाती आली की पोरं कशी ताठ होतात, ते मी पाहिलंय. तुमचे पाहुणे कौतुकानं सांगत असतील तर मला नवल वाटत नाही. मला खुपतं ते हे, की त्यांना ‘नको’ म्हणायची सोय नव्हती. गणितासारखाच तो विषय होता. आणि शाळा सुटली की पुढं सैन्य. 1979 ते 1989 या काळात ते अफगाणिस्तानपर्यंत नेत होतं. सुमारे 15,000 सोव्हिएत सैनिक तिथं मेले. शाळेतून नुकतेच बाहेर पडलेले त्यांत पुष्कळ.

पूर्व जर्मनीत 1 सप्टेंबर 1978 पासून नववी-दहावीला असाच विषय सक्तीचा झाला. नववीच्या मुलांना दोन आठवड्यांची छावणी. चर्चनं उघड विरोध केला, तरी सरकार हटलं नाही. नकार देणाऱ्याचं पुढचं शिक्षण अडायची भीती. तिथल्या तरुणांनी तलवारीचा नांगर करणाऱ्या माणसाचं चित्र कापडावर छापून बाहीवर शिवलं. ते चित्र खुद्द सोव्हिएत संघानं 1959 मध्ये संयुक्त राष्ट्रांना भेट दिलेल्या पुतळ्याचं! तरी शाळांत आणि रस्त्यांवर ते बिल्ले उसवायला लावले. सोळा वर्षांच्या पोरानं एवढं सोसायचं, हे वाचताना आजही राग येतो.

1962 च्या युद्धानंतर आपल्याकडंही कॉलेजांत एनसीसी सक्तीची झाली होती. 1968 मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. ते योग्यच झालं असं माझं ठाम मत आहे. मनाविरुद्ध उभ्या केलेल्या मुलाला परेड काहीच देत नाही.

तुमचा मुलगा स्वतः मागतोय, तर सही करा. कॅडेट झाल्यानं सैन्यात जायचं बंधन येत नाही, कायद्यातच तसं आहे. त्याआधी ट्रूपच्या मास्तरांना एकदा भेटा. कॅम्प कुठं असतो, फायरिंगच्या वेळी मुलांजवळ कोण असतं, हे सगळं मोकळेपणानं विचारा. वर्षभरानं पोरगा ‘नको’ म्हणाला तर त्याला सोडू द्या. मी कुणाला अडवलं नाही; गणवेश धुऊन परत आणला की झालं.

प्रश्न : तिकडं मुलींनाही हे शिकावं लागे का?
— एक विद्यार्थिनी, साखळी

उत्तर : हो. सोव्हिएत शाळांत मुलींचा भर प्रथमोपचारावर असे. पूर्व जर्मनीत मुलगे छावणीला गेले की मुलींना नागरी संरक्षण शिकवत : जखमीला उचलणं, पट्टी बांधणं. आपल्या एनसीसीतल्या ज्युनियर विंगच्या, म्हणजे शाळकरी, मुली मात्र मुलांसारखंच फायरिंग करतात. तुझ्या शाळेत ट्रूप असेल तर चौकशी कर.