पदयात्रेचा मुक्काम गावातच करा

प्रश्न असा आहे: पुण्याचे पाच मित्र एका रुग्णनिधीसाठी यवतमाळहून सेवाग्राम आणि पुढे आनंदवनापर्यंत पायी येणार आहेत. 'कुणाला त्रास नको' म्हणून रोज गावाबाहेर शेतात तंबू टाकायचा बेत आहे. तर तंबू कोणता घ्यावा आणि रोज किती चालावं?

ते 'कुणाला त्रास नको' वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो. माझा आतेभाऊ हेच वाक्य मला 2019 पासून दर दिवाळीत ऐकवतो.

तंबूचं आधी सांगून टाकतो. दुहेरी कापडाचा घ्या, डिसेंबरात इकडे दव इतकं पडतं की एकेरी कापड आतून ठिबकतं. कोरडवाहू काळ्या जमिनीला तोवर भेगा पडायला लागतात, त्यात खुंटी धरत नाही. ओलिताच्या वावरात ती नुसती आत जाते. चालणं रोज वीस किलोमीटर पुरे. पहाटे पाचला निघा, अकराच्या आत थांबा. एप्रिल-मे मनातही आणू नका, आणि पावसाळ्यात काळी माती बुटाला किलो-किलोने चिकटते. झालं.

आता आमचं सांगतो. माझ्या थोरल्या बहिणीला डायलिसिस लागलं होतं. सरकारी योजनेत उपचाराला पैसा पडत नव्हता, पण आमच्या दारव्हा तालुक्यातल्या गावाहून यवतमाळला जायचं म्हणजे ती आणि सोबत एक जण, जाऊन-येऊन पावणेतीनशे रुपये, आठवड्यातून दोनदा. महिन्याचे सव्वादोन-अडीच हजार नुसते एसटीत. शिवाय सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते ती वेगळी. (2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा नव्हतं.) तालुक्यात असे नऊ जण आम्हाला ठाऊक होते. त्यांच्या भाड्यासाठी निधी जमवायचा म्हणून आम्ही सहा जण दारव्ह्याहून यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, सेवाग्राम करत पवनारपर्यंत निघालो. सव्वाशे किलोमीटर, सात दिवस.

आतेभाऊ पुण्याला नोकरीला. माणूस मनाचा मोठा, सुट्टी काढून आला आणि येताना तीन तंबू विकत घेऊन आला. साडेतेरा हजारांचे. ताईचं सहा महिन्यांचं भाडं त्यात निघालं असतं, हे मी त्याला पहिल्याच दिवशी बोललो आणि तिथून वादाला तोंड फुटलं. त्याचं म्हणणं, आपण द्यायला निघालोय, घ्यायला नाही. गावातली माणसं आधीच पिचलेली, त्यांच्या दारात सहा जणांनी जेवायला जाऊन बसायचं का? ऐकायला बरोबर वाटतं. पहिले तीन मुक्काम आम्ही त्याचंच ऐकलं. गावात शिरायचो, पारावर पत्रकं वाटायचो, पाण्याच्या बाटल्या भरायचो आणि कोसभर पुढे जाऊन कुणाच्या तरी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तंबू टाकायचो. त्या तीन दिवसांत गावांमधून मिळून चारशे रुपयेही जमले नाहीत. जे आले ते मोबाइलवर, ओळखीच्यांकडून.

चौथा मुक्काम कळंबच्या पुढे, एका तुरीच्या वावराला लागून. रात्री दोनच्या सुमाराला तोंडावर बॅटरीचा झोत आला. जागलीवरचे चार जण काठ्या घेऊन उभे. त्या पंधरवड्यात त्या शिवारातून मोटारीची केबल दोनदा चोरीला गेली होती आणि एका घरचा वेचलेला कापूस उचलून नेला होता. आम्ही पत्रकं दाखवली, आधार कार्डं दाखवली. त्यातले एक म्हातारे तंबूभोवती बॅटरी फिरवत होते, ते एकदम थांबले. म्हणाले, "काहून बाप्पा, तुमाले मराचं हाय का अठी? त्या तिकडच्या कुंपनाले करंट हाय."

आमच्या तंबूपासून ते कुंपण चाळीस पावलांवर होतं. मी तासाभरापूर्वी लघवीला त्याच बाजूने गेलो होतो.

पुण्याच्या माणसाला हे माहीत नसतं म्हणून मुद्दाम लिहितो. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) एका रात्रीत पीक आडवं करतात, म्हणून काही लोक कुंपणाच्या तारेत रात्री सरळ खांबावरची वीज सोडतात. हा गुन्हा आहे, त्यात माणसं मेलेली आहेत, तरी सोडतात. सौरऊर्जेवरच्या झटका मशीनची गोष्ट वेगळी, ती झटका देते. ही तार जीव घेते. कोणत्या वावरात तार आहे ते त्या गावालाच माहीत. गावाला न विचारता शिवारात झोपणं म्हणजे डोळे बांधून चालणं.

त्या चौघांनी आम्हाला तंबू गुंडाळायला लावले आणि गावात नेलं. रात्री तीनला एका घरी चूल पेटली, चहा झाला, आणि जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात ताडपत्री टाकून दिली. आतेभाऊ कानकोंडा होऊन बसला होता. "बघ, झाला ना त्रास," मला हळूच म्हणाला.

सकाळी एक आजी भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या. "कायच्यासाठी चालून राह्यले तुमी?" असं विचारलं. मी डायलिसिस म्हटलं आणि त्या पायरीवर खालीच बसल्या. त्यांच्या मुलाचं तेच होतं. वय चौतीस, आठवड्यातून दोनदा वर्ध्याला जायचं. कापूस विकला नव्हता, हातात पैसा नव्हता, म्हणून मागच्या चार वाऱ्या त्याने चुकवल्या होत्या. आम्ही घरी गेलो तर पाय सुजलेले, आडवं झालं की दम लागत होता. चार वाऱ्या चुकवणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी डायलिसिस आहे त्यालाच कळतं. पाणी छातीत चढतं आणि माणूस जातो.

निधी दारव्हा तालुक्यातल्या नऊ जणांचा, हा दहावा, म्हणून आतेभाऊ तिथेही अडला. मी पावती फाडली आणि त्या मुलाचं दोन महिन्यांचं भाडं दिलं. शाळेच्या गुरुजींनी कुणाची तरी गाडी ठरवली, तासाभरात तो वर्ध्याच्या वाटेला लागला. आणि मग त्या पिचलेल्या गावाने काय केलं? निघायच्या आधी पारावर अकराशे चाळीस रुपये आणि दोन पायल्या तूर जमा झाली. कुणी आम्हाला ओझं म्हणालं नाही.

त्यानंतरचे मुक्काम गावातच झाले. आतेभाऊ अजून म्हणतो तो योगायोग होता. मी म्हणतो, तू गावाबाहेर झोपत राहिला असतास तर असला योगायोग जन्मात घडला नसता. आधीच्या तीन गावांत असं कुणी नव्हतं हे कशावरून? आम्ही विचारायला थांबलोच नाही.

तुम्ही सेवाग्रामला येताय, पवनार तिथून जवळ आहे. 1951 मध्ये विनोबा पवनारच्या आपल्या आश्रमातून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला पायी गेले आणि पुढे तेलंगणात फिरले. 18 एप्रिलला पोचमपल्लीत मुक्कामाला असताना दलित वस्तीतल्या लोकांशी बोलत बसले, म्हणून चाळीस भूमिहीन घरांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर मागितली आणि रामचंद्र रेड्डी शंभर एकर द्यायला उभे राहिले. भूदान त्या बसण्यातून निघालं. मागायची लाज वाटत असेल तर पदयात्रा काढू नका, घरी बसून पैसे पाठवा, तेही चांगलंच काम आहे. आणि फुकट खाल्ल्यासारखं वाटत असेल तर गाडगेबाबांचं करा: आधी गाव झाडायचं, मग भाकर घ्यायची. आम्ही निघायच्या आधी शाळेचा व्हरांडा आणि आवार झाडून द्यायचो. शिधा मात्र स्वतःचा जवळ ठेवा, आणि प्रवासाचा खर्च निधीतून एक रुपयाही काढू नका.

काही गोष्टी राहिल्या. राळेगाव-पांढरकवडा भागात वाघ आहेत, 2018 मध्ये गोळी घातलेल्या नरभक्षक अवनी वाघिणीचं प्रकरण तिथलंच. आनंदवनाकडे जाताना चंद्रपूर जिल्ह्यात शिराल तिथेही वाघ आहेत, तेव्हा अंधारात चालू नका. त्या पट्ट्यात पहाटे पाचचं वर लिहिलेलं विसरा, उजाडल्यावर निघा. शेतातल्या ड्रममधलं पाणी पिऊ नका, तो फवारणीचा असू शकतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. तुमची नोंदणीकृत संस्था नसेल तर वर्गणी मागण्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन या. सोबत मुली असतील तर मुक्कामाच्या गावच्या आशाताईंशी आधी बोला, त्या चांगलं घर बघून देतात. शाळेत परीक्षा असेल तर व्हरांडा मिळत नाही, मग समाजमंदिर किंवा तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचं प्रार्थना मंदिर विचारा. तंबू आणायचाच असेल तर एक आणा, व्हरांड्यात डासांसाठी उपयोगी पडतो.

ताई 2021 मध्ये गेली. निधी चालू आहे, आता त्यात चौदा जण आहेत आणि तो आजीचा मुलगा अजून वर्ध्याला जातो. तुमची तारीख ठरली की इथेच खाली लिहा. कळंब ते देवळी रस्त्यावरच्या तीन गावांच्या पोलीस पाटलांना मी सांगून ठेवतो, आणि त्यातल्या एका मुक्कामाला मी स्वतः येतो.