तबली कोणी तासली ते विचारा

प्रश्न : मुलगी यंदा दहावी झाली. दोन वर्षं क्लासच्या गिटारवर शिकतेय, आता स्वतःची अकूस्टिक हवी म्हणते. दुकानात एक आवडली, किंमत साडेसोळा हजार. तिच्यावर नाव आहे ते इलेक्ट्रिक गिटारींसाठी गाजलेल्या एका परदेशी कंपनीचं. क्लासच्या सरांनी मोडता घातला. म्हणाले, "इलेक्ट्रिकवाल्यांना अकूस्टिक जमत नाही, नुसतं नाव विकतात." हे कितपत खरं?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : कंपनीचं नाव लिहिलं नाहीत ते बरं केलंत. माझंही मन आधीच कलुषित झालं असतं.

सरांचा संशय आजचा नाही आणि तो हवेतूनही आलेला नाही. मी पुण्यात गिटार दुरुस्त करतो त्याला एकतीस वर्षं झाली, पण लाकडाला पहिल्यांदा हात लावला तो तुमच्या शेजारी, मिरजेत. मॅट्रिकनंतर चार वर्षं एका तंतुवाद्याच्या दुकानात पोऱ्या म्हणून होतो. उस्तादांनी पहिले सहा महिने रंधा हातात दिला नाही. सतारीची तबली द्यायचे आणि म्हणायचे, "ठोक. ऐक. परत ठोक." तबली म्हणजे भोपळ्यावर बसवलेलं लाकडी झाकण. तार छेडली की घोडी हलते, घोडी तबलीला हलवते आणि तबली हवेला. अकूस्टिक गिटारचा टॉप म्हणजे हीच तबली. मी अजून तोच शब्द वापरतो, गिऱ्हाईकं हसतात.

इलेक्ट्रिक गिटारला तबलीच नसते. फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारचं धड म्हणजे जवळपास ४४ मिलिमीटर जाडीचा भरीव लाकडी ठोकळा. आवाज निघतो पिकअपमधून : चुंबकाभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळलेली, वर पोलादी तार थरथरली की वीज निर्माण होते, ती ॲम्पकडे जाते. लाकडाने हवा हलवायची नसते. उलट ते जितकं स्थिर, तितका सूर लांबतो. अकूस्टिकची तबली मात्र अडीच-तीन मिलिमीटरची, बहुधा स्प्रूस या लाकडाची, आणि तिच्यावर तारांचा साधारण ७० किलोचा ताण रात्रंदिवस. जाड ठेवलीत तर गिटार मुकी. पातळ केलीत तर चार वर्षांत ब्रिजच्या, म्हणजे गिटारच्या घोडीच्या, मागे पोट सुटतं. खालून चिकटवलेल्या काड्या, म्हणजे ब्रेसिंग, कुठे किती तासायच्या यात कारागिराचं आयुष्य जातं. ठोकळा उत्तम कापणाऱ्याला हे आपोआप येईल असं समजणं म्हणजे उत्तम सुताराला सतार करता येईल असं समजणं.

वांद्र्याच्या एका गोवेकर कुटुंबातली गिटार माझ्याकडे आली होती. काका बोटीवर नोकरीला होते, त्यांनी परदेशातल्या कुठल्याशा बंदरात घेतलेली. फेंडरची किंगमन नावाची अकूस्टिक, साठच्या दशकातली. हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचा माथा, हुबेहूब इलेक्ट्रिकसारखा, सहाच्या सहा खुंट्या एका बाजूला. नेक, म्हणजे दांडा, मागून स्क्रूने आवळलेला. आरसा आणि टॉर्च आत घातला तर नेकच्या ठोकळ्यापासून पार शेपटापर्यंत गेलेली ॲल्युमिनियमची नळी! गिटारच्या पोटात नळी पाहून मी आधी समजलो की कोणीतरी घरगुती दुरुस्ती केलीय. नाही, ती कारखान्यातूनच तशी आली होती.

त्यामागची गोष्ट अशी. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलरटनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नसे. पण कारखाना कसा चालवायचा हे त्याला पक्कं कळत होतं. नेक वेगळा, धड वेगळं, चार स्क्रू मारले की गिटार तयार. बिघडला नेक तर बदलून टाका. १९५० च्या आगेमागे या पद्धतीने त्याने इलेक्ट्रिक गिटारचा धंदा उलटापालटा केला. साठच्या सुरुवातीला अमेरिकेत लोकगीतांची लाट आली, अकूस्टिक धडाधड खपू लागल्या, तेव्हा फेंडरने रॉजर रॉसमाइझलला आणलं. हा जर्मन, गिटार करणाऱ्या बापाचा मुलगा, आधी रिकनबॅकर या गिटार कंपनीत नाव कमावलेला. म्हणजे कारागीर तर पट्टीचा होता! पण नेक स्क्रूनेच बसवायचा, कारखान्याची पद्धत सोडायची नाही. मग त्या नेकचा भार पेलायला आत मोठा ठोकळा आला, नळी आली. १९६५ मध्ये लिओने कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीला विकली, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला या गिटारींची ती पिढी संपली.

वांद्र्याच्या त्या गिटारचा आवाज गोड होता, पण लाजरा. पंख्याच्या आवाजात हरवायचा. काकांना ते मान्य नव्हतं, आणि पन्नास वर्षांच्या संसारावर मी बोलणारा कोण? नट (नेकच्या टोकाला तारांखाली असते ती खाचांची पट्टी) बदलला, तारा चढवल्या, पैसे घेतले.

सरांच्या म्हणण्याला आधार मिळतो तो इथे. पण एवढ्यावरून दुसऱ्या धंद्यातून अकूस्टिककडे आलेल्या सगळ्यांनाच निकालात काढलं तर चार्ल्स केमनचं काय करायचं? अमेरिकेतल्या कनेक्टिकटचा हा माणूस हेलिकॉप्टर बनवायचा. हेलिकॉप्टरमध्ये कंप मारायचा असतो, गिटारमध्ये तो वाढवायचा असतो, एवढाच फरक असं म्हणत त्याच्या लोकांनी फायबर घातलेल्या मटेरियलची कासवाच्या पाठीसारखी गोल पाठ केली आणि वर खऱ्या स्प्रूसची तबली चढवली. १९६६ ची ओव्हेशन ती हीच. मला तो आवाज आवडत नाही, आणि मांडीवरून घसरते ती वेगळीच, पण स्टेजवर तिने वर्षानुवर्षं राज्य केलं. केमन स्वतः गिटार वाजवायचा. त्याने आपल्या कारखान्याची सवय गिटारवर लादली नाही, आपली मोजमापं गिटारच्या कामाला जुंपली.

आणि हे दोन्ही दिशांनी चालतं. मार्टिन ही १८३३ पासूनची कंपनी. अकूस्टिकमध्ये तिच्यापुढे सगळे कान पकडतात. तिने साठच्या दशकात पोकळ इलेक्ट्रिक काढल्या, १९७९ च्या सुमारास भरीव इलेक्ट्रिक काढल्या, आणि दोन्ही वेळा गाशा गुंडाळला. गिब्सन दोन्ही करते, पण तिचीही अकूस्टिक १९८९ पासून मोंटानातल्या बोझमनच्या वेगळ्या कारखान्यात होतात. ओळख एक, हात दोन. आता गंमत बघा. आजच्या पोरांच्या डोक्यात आयबानेझ म्हणजे झपझप वाजवायची, अणकुचीदार शिंगांची इलेक्ट्रिक. पण हे नाव जपानच्या नागोयातल्या होशिनो कंपनीने उचललं ते साल्व्हादोर इबान्येझ या स्पेनमधल्या कारागिरावरून, ज्याच्या गिटारी ते आधी आयात करत. तो तर विजेच्या गिटारीचा जन्म होण्याआधीचा माणूस!

राहता राहिली तुमची साडेसोळा हजारांची. या किमतीत ती गिटार ज्या कारखान्यात गाजलेल्या इलेक्ट्रिक होतात तिथली असणं जवळपास अशक्य. ती चीन किंवा इंडोनेशियाची असणार, आणि त्यात कमीपणा काही नाही. इंडोनेशियात सुराबायाला कॉर्टचा कारखाना आहे, तो स्वतःच्या नावाबरोबर इतर नामवंत कंपन्यांसाठीही गिटार करतो. तेव्हा "इलेक्ट्रिकवाले" आणि "अकूस्टिकवाले" ही सरांची फाळणी तुमच्या किमतीत बऱ्याचदा एकाच छपराखाली येऊन मिटते. विचारायचं ते हे : तबली अखंड लाकडाची की प्लायची?

दुकानात जाताना डॉक्टर दाताला लावतात तसला छोटा आरसा न्या. स्वस्तात मिळतो. मोबाइलचा टॉर्च लावून साउंडहोलच्या, म्हणजे तबलीतल्या गोल भोकाच्या, कडेला पाहा. वरच्या रेषा कडेवरून खाली तशाच सलग उतरत असतील तर अखंड, म्हणजे सॉलिड टॉप. कडेला सँडविचसारखे थर दिसले तर प्लाय. काही वेळा कड रंगवलेली असते. तेव्हा तबलीची वरची बाजू आणि आरशात दिसणारी खालची बाजू जुळवून पाहायची. रेषा किंवा एखादा डाग दोन्हीकडे एकाच जागी हवा. मग काड्यांना लागलेला गोंद पाहा. ओघळ असले तर मी फार मनावर घेत नाही, काडी सुटलेली नको. ब्रिजच्या मागे तळवा फिरवा. किंचित फुगवटा चालतो, टेकाड नको. शेवटी बोटाच्या पेराने ब्रिजजवळ टकटक करा, आणि शेजारची दुसरी गिटार घेऊन तिलाही करा. एकटी तबली काही सांगत नाही, दोन शेजारी ठेवल्या की बोलतात. कान तुमचा नसला तरी मुलीचा दोन वर्षांत तयार झाला असेल. तिलाच करू द्या.

यामाहाची एफजी८०० आणि फेंडरची सीडी-६०एस या दोन्हींना सॉलिड स्प्रूसची तबली असते. एक पियानो-ऑर्गनवाल्यांची, दुसरी इलेक्ट्रिकवाल्यांची. दोन्ही माझ्या टेबलावर येऊन गेल्यात, आणि डोळे बांधून वाजवल्या तर मुलगी कुठली निवडेल यावर मी पैज लावणार नाही. बजेट थोडं ताणावं लागेल. नसेल ताणता येत तर प्लायचीही घ्या, पण चांगली जुळवलेली. कोल्हापूरच्या पावसात प्लाय कमी कुरकुरते, हा तिचा खरा गुण आहे. सॉलिड घेतलीत तर जून ते सप्टेंबर ती केसमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि तुमच्याकडे आषाढात भिंतीसुद्धा घाम गाळतात.

सरांना माझा नमस्कार सांगा. त्यांना मुलीबरोबर दुकानात न्या, नाव झाकून दोन-तीन वाजवायला सांगा.

प्रश्न : जुनी गिटार घेतोय. नेक बोल्टने बसवलाय. मित्र म्हणतो, गोंदाने चिकटवलेला नेकच खरा, बोल्ट म्हणजे इलेक्ट्रिकवाल्यांची चलाखी.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मित्राला सांगा, टेलर कंपनी अकूस्टिकसाठीच नावाजलेली, तिचे नेक बोल्टवरच आहेत, आणि १९९९ पासून तिने ती जोडणी आणखी बारकाईने बसवली. फेंडरच्या जुन्या गिटारीत दोष होता तो बोल्टचा नव्हे, त्याच्या पायी आत आलेल्या ओझ्याचा. दुरुस्तीवाल्याच्या बाजूने विचाराल तर बोल्टचा नेक म्हणजे दुपारचं काम. खुंटी-खाचेचा चिकटवलेला नेक काढायला वाफ द्यावी लागते, पॉलिशचा जीव सांभाळावा लागतो, आणि मी बायकोला सांगून ठेवतो की आज जेवायला उशीर होईल. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात नेकचा कोन हलला तर तुम्हीच बोल्टला दुवा द्याल.

प्रश्न : पंधरा वर्षं इलेक्ट्रिक वाजवली. आता अकूस्टिक घेतली तर बोटं सोलतात. इलेक्ट्रिकच्या ९ नंबरच्या बारीक तारा लावून ॲक्शन (नेकपासून तारांची उंची) अगदी खाली आणली तर चालेल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : वाजेल, पण आवाज तुमच्यापासून दोन फुटांवर खाली पडेल. ९ चा संच जेमतेम ४० किलो ओढतो. तबली ७० किलोच्या धक्क्यावर बेतलेली, ती एवढ्याने जागी होत नाही.

ॲक्शनबाबत माझीच चूक सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एका बँडवाल्याच्या आग्रहाखातर मी त्याच्या अकूस्टिकची सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकायची हाडाची पट्टी, घासघासून इलेक्ट्रिकइतकी खाली आणली. दुकानात हलक्या हाताने वाजवली तेव्हा लोण्यासारखी. गणपतीत स्टेजवर त्याने जोरात स्ट्रमिंग केलं आणि सगळे फ्रेट (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) एकदम कुरकुरायला लागले. सॅडलचं हाड एकदा घासलं की परत वाढत नाही. नवीन बसवून दिलं, पदरमोड करून.

तुम्ही ११ चा संच लावा. बाराव्या फ्रेटवर जाड तार अडीच मिलिमीटर, बारीक तार दोनाच्या आत-बाहेर. तिसरी तार वेढ्याचीच, म्हणजे वरून बारीक तार गुंडाळलेली, ठेवा, साधी नको. बोटांना तीन आठवडे द्या. आणि तोवर वाजवून झाल्यावर लगेच भांडी घासायला जाऊ नका, साबणाने कातडी मऊ पडते. घरी हे कारण चालतंय का, ते मला कळवा.