मार्च-एप्रिलमध्ये डेट्रॉइटच्या आसपास नदीवर वॉलआय आणि पर्च गरवायचे तर कधी, कुठे आणि कसे?

तुम्ही लिहिलंय की मूळचे रायगडचे, आता डेट्रॉइटजवळ नोव्हायला राहता, गावी पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरलेत. इथे बर्फ वितळल्यावर वॉलआय आणि पर्च हे गोड्या पाण्यातले मासे कुठे, केव्हा, काय सामान घेऊन गेलं तर मिळतील, गाबोळीवाली मादी ठेवावी का आणि दहा वर्षांच्या मुलाला नेता येईल का, हे तुम्हाला हवंय.

आधी सरळ उत्तर. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ओहायोतली मॉमी नदी. तिथून पुढे मेच्या मध्यापर्यंत डेट्रॉइट नदी. वॉलआय दोन्हीकडे, पर्चसाठी डेट्रॉइट नदी. पण या तारखा ढोबळ आहेत. शनिवार मोकळा आहे म्हणून निघू नका, पाणी तयार आहे म्हणून निघा. या मासेमारीत ही एकच गोष्ट खरी महत्त्वाची आहे असं माझं ठाम मत आहे. काठी, रीळ, रबरी आमिषाचा रंग हे सगळं त्यानंतर.

वलगण पाहिलेल्या माणसाला मॉमी लगेच कळते. तिकडे पावसाच्या लोंढ्यावर मासा चढतो, इकडे थंडी ओसरायला लागली की ईरी सरोवराच्या पश्चिम भागातला वॉलआय अंडी घालायला नदीत शिरतो. टोलेडोच्या वर, मॉमी आणि पेरिसबर्ग या दोन गावांच्या मधे नदीचा तळ खडकाळ आणि रेतीखड्यांचा आहे, पाणी उथळ आणि वाहतं. वॉलआय घरटं करत नाही, अंड्यांची राखणही करत नाही. मादी रात्रीच्या वेळी खड्यांवर अंडी सोडते, ती फटींमध्ये जाऊन बसतात आणि वाहत्या पाण्यातून त्यांना प्राणवायू मिळत राहतो. दोन-तीन आठवड्यांनी पिल्लं बाहेर पडतात आणि प्रवाहाबरोबर सरोवरात वाहत जातात.

हे सगळं पाण्याच्या तापमानावर चालतं. ४२ ते ५० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण साडेपाच ते दहा अंश सेल्सिअस, हा अंडी घालण्याचा काळ. पाणी चाळिशीत पोचलं की आधी नर येतात आणि आठवडेच्या आठवडे तिथेच ठाण मांडतात. माद्या मागून येतात, अंडी सोडली की फारशा रेंगाळत नाहीत, परत सरोवरात. त्यामुळे संपूर्ण हंगामात तुमच्या गळाला लागणारे बहुतेक मासे नरच असतात, आणि खायला तेच चांगले.

दुसरी गोष्ट पातळीची. मॉमीच्या दोन्ही अंगांना सपाट शेतजमीन आहे, पूर्वीच्या प्रचंड दलदलीची चिकणमाती, खाली पाणी निचरायला पाइप टाकलेले. वर फोर्ट वेनकडे एक दमदार पाऊस झाला की नदी भराभर चढते आणि चहाच्या रंगाची होते. मग दोन-चार दिवस जाण्यात अर्थ नाही. वॉटरव्हिलला यूएसजीएसचं (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं) मोजणी केंद्र आहे, त्याची पातळी आणि प्रवाह घरबसल्या दिसतात. तो आलेख उतरता असेल, गेल्या काही रात्री गोठवणाऱ्या नसतील, आणि मॉमीतली आमिषाची दुकानं रोजच्या रिपोर्टमध्ये पाणी निवळतंय असं सांगत असतील, तर मंगळवार असला तरी अर्धी रजा टाका.

जागा: मॉमीच्या बाजूला साइड कट मेट्रोपार्क आणि तिथलं ब्लूग्रास बेट, पेरिसबर्गच्या बाजूला ऑर्लीन्स पार्क आणि बटनवुड. ऑर्लीन्सच्या वरच फोर्ट मीग्ज आहे, १८१३ मध्ये ज्याला वेढा पडला होता तो किल्ला; आता तो पुन्हा बांधून उभा केलाय. नोव्हायहून गाडीने तास-सव्वा तास. हंगामाच्या भरात तिथे माणसांची रांग लागते, कंबरभर पाण्यात, एकमेकांपासून काठीच्या अंतरावर. बाजूच्याच्या तालात फेकायचं, म्हणजे दोऱ्या गुंतत नाहीत. कोणाला मासा लागला की बाकीचे दोरी आवरून त्याला वाट देतात. तुम्हीही द्या.

सामान साधं. साडेसहा-सात फुटांची मध्यम ताकदीची स्पिनिंग काठी, आठ-दहा पौंडांची दोरी. मुख्य दोरीत भोकाचं शिसं ओवायचं, त्याखाली स्विव्हल (फिरती कडी), स्विव्हलला दीड-दोन फुटांचा लीडर (टोकाची वेगळी दोरी), लीडरच्या टोकाला तरंगणारं जिगचं डोकं (यातच गळ बसवलेला असतो) आणि त्यावर ट्विस्टर टेल, म्हणजे वळवळत्या शेपटीचं रबरी आमिष. लीडर मुख्य दोरीपेक्षा कमी ताकदीचा घ्या, म्हणजे दगडात अडकलं तर फक्त गळ जातो, शिसं वाचतं. अडकणार हे नक्की. डझनभर लीडर घरीच बांधून न्या, कारण त्या थंडीत सुन्न बोटांनी गाठ बसत नाही. रंग पाणी गढूळ असेल तर भडक नारिंगी किंवा पोपटी, स्वच्छ असेल तर फिके.

आता नेमकं कसं. प्रवाहाला आडवं, किंचित वरच्या बाजूला फेका. शिसं तळाला बसलं की दोरी ताणून धरा आणि रीळ जवळजवळ फिरवूच नका; प्रवाहच त्याला अर्धगोलात खाली नेईल. शिसं दगडांवरून टक, टक, टक करत जातंय हे काठीतून बोटांना कळलं पाहिजे. टकटक लागतच नसेल तर शिसं हलकं आहे. एका जागी रुतून बसत असेल तर जड आहे. अर्ध्या औंसापासून सुरुवात करा, पाऊण औंसापर्यंतचे तुकडे खिशात ठेवा आणि पाण्यात दोन पावलं सरकलात तरी वजन पुन्हा तपासा. आमिष तळापासून वीतभर वर तरंगत जातं आणि मासा तिथेच, तळाशी, तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो. दोन फूट वरून गेलेलं आमिष त्याच्या दृष्टीने नाहीच. चावा जोरदार नसतो. टकटक थांबते, दोरीला नुसता जडपणा येतो. मनगटाने छोटा हिसका पुरे.

मोठे हिसके देत बसलेली माणसं दिसतील. ती मासा अंगाला अडकवायला बघत असतात, आणि ते बेकायदा आहे. ओहायोचे नियम इथे कडक आहेत आणि ते असलेच पाहिजेत. १ मार्च ते १ मे या काळात मॉमीच्या या पट्ट्यात मासेमारी फक्त सूर्योदय ते सूर्यास्त. एकच गळ, टोक आणि दांडा यांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त अंतर नसलेला. तिहेरी गळ चालत नाही. तोंडाच्या आतून लागलेलाच मासा ठेवायचा; पोटाला, शेपटीला, कल्ल्याबाहेर लागलेला तिथल्या तिथे सोडायचा. दिवसाला सहा वॉलआय, किमान १५ इंच. डेट्रॉइट नदीच्या मिशिगनच्या बाजूलाही वॉलआयला सहा आणि १५ इंच हेच आकडे आहेत. पर्चची मर्यादा आणि बाकीचे तपशील मात्र दरवर्षी निघणाऱ्या नियमपुस्तिकेत बघूनच निघा. दोन राज्यं म्हणजे दोन लायसन्स. मिशिगनचं ओहायोत चालत नाही.

पाण्यात उतरायचं तर छातीपर्यंतचे वेडर्स (पाणी आत न येणारी बुटांसकट विजार) लागतील, आणि त्यावर कमरेला पट्टा घट्ट आवळलेला हवाच. घसरलात तर तो पट्टा वेडर्समध्ये पाणी भरणं रोखतो. पाच-सहा अंश सेल्सिअसच्या पाण्यात हातपाय काही मिनिटांतच काम करेनासे होतात. पट्टीचा पोहणारा असलात तरी फरक पडत नाही. हातात आधाराची काठी ठेवा, तळ चाचपत पाऊल टाका, आणि बेटावर चालत गेलात तर मधून मधून मागचं पाणी वाढतंय का बघत राहा.

डेट्रॉइट नदी वेगळी. तिचं पाणी ह्युरॉन सरोवरातून सेंट क्लेअरमार्गे येतं, म्हणून ते उशिरा तापतं आणि मासाही उशिरा जमतो. एप्रिलच्या सुरुवातीला वरून बर्फाचे तुकडे वाहत येतात, तेव्हा काही खरं नाही. इथे वॉलआय मुख्यतः बोटीतून धरतात: बोट प्रवाहाबरोबर सोडायची, मोटरने तिला एवढीच आवरायची की दोरी सरळ उभी खाली राहील, आणि पाऊण औंसाचं जिग तळावर उचल-ठेव करायचं. जुने लोक अजून हाताने, काठीशिवाय, तारेची दोरी आणि अर्धा-पाऊण किलोच्या आसपासचं शिसं लावून प्रवाहाविरुद्ध हळूहळू बोट नेत मासे धरतात. ते बघायला मिळालं तर जरूर बघा, त्या हातांना तळाचा खडा न् खडा कळतो. तुमच्याकडे बोट नसेल तर पहिल्या वर्षी चार-पाच जणांनी मिळून चार्टर (नावाड्यासकट भाड्याची बोट) करा. अर्ध्या दिवसात जे शिकाल ते नुसतं वाचून येणार नाही. नदीच्या मधोमध आंतरराष्ट्रीय सीमा आहे हे ध्यानात ठेवा: पलीकडे गळ टाकायला ओंटारिओचं लायसन्स लागतं, आणि व्हिसावर असणाऱ्याने पलीकडच्या काठाला बोट लावू नये.

पर्च हा वॉलआयचाच छोटा भाऊबंद, एकाच कुळातला. अंगावर उभे काळपट पट्टे, खालचे पर नारिंगी. तोही याच दिवसांत, थोडा मागून अंडी घालतो, पण त्याला खडक नको असतात. त्याची अंडी चुण्या पडलेल्या लांब फितीसारखी बुडालेल्या फांद्यांवर आणि पाणवनस्पतींवर लोंबत असतात. म्हणून तो शोधायचा प्रवाहाच्या आडोशाला, कालव्यांत, धक्क्यांच्या सावलीत. ट्रेंटनच्या एलिझाबेथ पार्कला नदीकाठ आणि कालवा दोन्ही आहेत. वायंडॉटचा बिशप पार्क, इकोर्सचा डिंगेल पार्क, डेट्रॉइटमधलं बेल आइल, या सगळ्या जागी काठावरून गरवता येतं. हलकी काठी, दोन छोटे गळ एकाखाली एक, तळाला शिसं आणि आमिषाला जिवंत एमराल्ड शायनर, हा एक छोटा चंदेरी मासा. पर्च आकाराप्रमाणे थवे करून राहतो. बोटभर लांबीचेच लागत असतील तर वाट बघू नका, वीस पावलं सरका.

हाताळताना दोघांनाही जपून. वॉलआयच्या तोंडात अंगठा घालायचा नाही, दात अणकुचीदार असतात. पाठीचे काटे दाबून धरा, आणि कल्ल्याच्या झाकणाची कड हाताला कापते, पर्चची विशेष. वॉलआयचा डोळा बघा एकदा: दुधी, मण्यासारखा. आतल्या पडद्यावरून प्रकाश परत फिरतो, म्हणून गढूळ आणि अंधाऱ्या पाण्यातही त्याला दिसतं. डेट्रॉइट नदीच्या काठावरून गरवणार असाल तर पहाटे आणि दिवेलागणीला जा ते याचसाठी.

गाबोळीबद्दल मनापासून सांगतो: मादी सोडा. कायदा ठेवू देतो, मासाही सध्या मुबलक आहे, पण एक मोठी मादी काही लाख अंडी घेऊन चढलेली असते आणि नर हवे तितके मिळतात. कोकणात वलगणीला सगळंच उचलायची सवय होती, त्याचं काय झालं ते आपण आपापल्या वहाळात बघितलंय. शिवाय मोठ्या, म्हाताऱ्या माशात पारा आणि पीसीबी (कारखान्यांतली विषारी रसायनं) जास्त साठतात. १९७० मध्ये पाऱ्यामुळे इथली वॉलआयची मासेमारी बंद करावी लागली होती. पाणी तेव्हापेक्षा पुष्कळ सुधारलं, तरी मिशिगनचं आरोग्य खातं कुठल्या नदीतला कुठला मासा महिन्यातून किती वेळा खावा याचा तक्ता काढतं. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर तो बघाच. पीसीबी चरबीत असतं, म्हणून कातडी आणि पोटाकडची चरबी काढून टाकायची. गाबोळी मी इथल्या माशाची खात नाही.

सोळा ते वीस इंचांचा नर आणि पर्च मात्र निर्धास्त होऊन नाही, पण चवीने खा. मांस पांढरं, घट्ट, काटा बाजूला केला की जवळजवळ शून्य. कालवणात त्याची चव हरवते, त्याला तेल नाही. हळद, तिखट, आगळ लावून रव्यात घोळवा आणि तव्यावर खरपूस भाजा. वॉलआयच्या गालाचा गोल तुकडा फेकू नका, सुरीच्या टोकाने निघतो आणि सगळ्यात गोड लागतो.

मुलाला जरूर न्या, पण मॉमीत उभं करू नका. त्याच्यासाठी एप्रिलअखेरचा किंवा मेच्या सुरुवातीचा पर्च: बिशप पार्कचा धक्का, अंगात लाइफ जॅकेट, हातात पाच फुटांची काठी. मिशिगनमध्ये १७ वर्षांखालच्या मुलांना लायसन्स लागत नाही, ओहायोत १६ खाली. शायनर दुकानात जाळीभर मिळतात, थोडेच घ्या आणि बादलीचं पाणी गार ठेवा. आणि मेमध्ये पांढरा बास चढायला लागला की त्याला तिथेच परत न्या. तो मासा छोट्या चकचकीत जिगवर इतक्या झपाट्याने लागतो की मुलांना कंटाळायला वेळच मिळत नाही.