पाणी साचलेल्या उसाला खत लागू का पडत नाही?

वाळव्याकडं उसात पाणी साचलं की युरिया टाकूनपण पाला पिवळाच राहतो, ते का असं विचारलंय. बघा, मुळाच्या पेशीत नायट्रेट (युरियापासून जमिनीत बनणारं, मुळं घेतात ते नत्राचं रूप) बाहेरच्यापेक्षा बहुतेक जास्तच असतं, त्यामुळं ते आपोआप आत येत नाही, ओढून घ्यायला एनर्जी लागते. पेशीच्या पडद्यात प्रोटॉन पंप असतात, ते एटीपी (पेशीचं एनर्जीचं चलन) खर्च करून हायड्रोजन आयन, म्हणजेच प्रोटॉन, बाहेर फेकतात आणि हे आयन परत आत घुसताना दुसऱ्या एका प्रोटीनमधून नायट्रेटला सोबत घेऊन येतात, भारी सिस्टीम आहे ही. पण एटीपी बनायला ऑक्सिजन पाहिजे. चिखलात हवाच नाही, मग एका ग्लुकोजमागं ३० च्या आसपास मिळणारे एटीपी थेट २ वर येतात, पंप थंडावतात. आधी चर काढून पाणी घालवा, खत नंतर.