निरवानिरव केली म्हणजे आशा सोडली का?

“ताई, ते रोज रात्री काय तरी सांगूलालेत, आणि मी त्यांचं तोंड धरतो. ऐकून घेतलं तर आशा सोडल्यासारखं होईल की.”

बेळगावकडच्या कितीतरी बायका स्वतःबद्दल ‘धरतो, जातो’ असंच बोलतात; ते मी शुद्ध करायला जात नाही. खानापूर तालुक्यातल्या या बाईंना इथे मार्थाबाई म्हणते. नाव आणि काही तपशील बदललेत, आणि लिहायला त्यांची परवानगी आहे. वय पन्नाशीच्या पुढे, घरची भातशेती. नवऱ्याला स्वादुपिंडाचा कर्करोग, यकृतापर्यंत गेलेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता केमोचा उपयोग नाही, घरी न्या, दुखणं कमी ठेवू. पण चर्चच्या मंडळीतल्या शुक्रवारच्या प्रार्थनेत एका वडीलधाऱ्या बाईंनी बजावलं, “मरणाचा शब्द घरात काढायचा नाही. बरे झालेच म्हणायचं. शंका धरली की प्रार्थना वाया.”

त्यामुळे मालकांनी “ट्रंकेतली पहाणी...” (पहाणी म्हणजे जमिनीचा उतारा) म्हणून सुरुवात केली, की ह्या म्हणायच्या, “तुम्हाला काय होत नाही, गप पडा.” मग ते भिंतीकडे तोंड करायचे.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट बाहेर आली. मॉर्फिनची गोळी त्या अर्धीच देत होत्या. पूर्ण दिली म्हणजे आजार मान्य केला, असा हिशोब. तो दिवस मी बाकी सगळं बाजूला ठेवलं. डॉक्टरांना फोन लावून दिला आणि त्यांच्याच तोंडून ऐकवलं: सांगितलेल्या मात्रेत घेतलेलं मॉर्फिन मरण जवळ आणत नाही, माणसाला झोप आणि श्वास घ्यायला उसंत देतं. पोटातल्या कळांनी तळमळणाऱ्या माणसाबरोबर आशेवर चर्चा करता येत नाही, हे मी आजाऱ्यांच्या घरी जाऊन धीर देण्याच्या या कामात फार लवकर शिकले.

दुसऱ्या भेटीत मात्र मी चुकले. धीर द्यावा म्हणून इब्री लोकांस पत्रातलं सहाव्या अध्यायातलं वचन काढलं: आशा ही आपल्या जिवाचा नांगर आहे. मार्थाबाई एकदम सावरून बसल्या. “आमच्या शेतातला नांगर?”

मी “नाही हो, जहाजाचा” म्हणून मोकळी झाले आणि वादळ, होडी, समुद्रतळ असं ऐकवत बसले. त्या ऐकत होत्या, पण चेहऱ्यावरचा उजेड गेला होता. घरी जाताना लक्षात आलं की त्यांना जे सापडलं होतं ते मीच हातातून काढून घेतलं. कन्नड बायबलात ही अडचणच येत नाही. तिथे जहाजाचा तो ‘लंगर’ आणि शेतातला ‘नेगिलु’. मराठीत दोन्ही नांगरच.

तिसऱ्या वेळी मी कन्नडपासूनच सुरुवात केली, कारण त्यांची सून बैलहोंगलची, घरात दोन्ही भाषा. विचारलं, “सूनबाई ‘आसे’ कशाला म्हणते?” त्या हसल्या. “नव्या साडीची आसे. पोराला मोबाईलची आसे.” “आणि चर्चमध्ये कन्नडमधून विश्वास, आशा, प्रीती वाचतात तेव्हा?” थोडं आठवून म्हणाल्या, “निरीक्षे.”

तेच मला हवं होतं. कन्नड बायबलाने इच्छेचा शब्द वेगळा ठेवला आणि वाट पाहण्याचा वेगळा. मराठीत आपण दोन्ही एकाच ‘आशे’त कोंबतो. नोकरीची आशा, लॉटरीची आशा, आशाळभूत, आशेला लावणं, सगळं त्याच एका शब्दात. शेजारच्या कीर्तनात बुवा आशा सोडायला सांगतात ते या हावेबद्दल, आणि बायबलातल्या पत्रांत पौल आशा धरायला सांगतो ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. जुन्या करारातला एक हिब्रू शब्द, ‘तिक्वा’, याचा अर्थ आशा आणि दोरीसुद्धा. यहोशवाच्या पुस्तकात राहाब खिडकीला किरमिजी दोरी बांधते तिथे हाच शब्द आहे. दोरीचं एक टोक आपल्या हातात आणि दुसरं कुठेतरी बांधलेलं असतं. नवरा बरा व्हावा ही मार्थाबाईंची इच्छा. त्यात काही खोटं नव्हतं. पण दोरीचं दुसरं टोक त्यांनी त्या इच्छेलाच बांधलं होतं. ख्रिस्ती आशा ते टोक बांधते येशूच्या पुनरुत्थानाला, म्हणजे कबरेच्या पलीकडे. कबरेचं नावही काढता येत नसेल तर ती आशा कुठवर पोचणार?

मग मी त्यांचा नांगर त्यांना परत दिला. करिंथकरांस पहिल्या पत्रात, नवव्या अध्यायात, पौल म्हणतो की नांगरणाऱ्याने आशेने नांगरावं. तिथला नांगर शेतातलाच. पुढचं मला बोलावंच लागलं नाही. खानापूर भागात रोहिणीच्या आगेमागे धूळवाफ पेरणी करतात. पाऊस नाही, ढेकळं फोडून जमीन धूळ केलेली, आणि त्या कोरड्या मातीत भात टाकायचं. “पेरताना भात दिसतंय कुठं,” त्या म्हणाल्या. “धुळीत घालायचं आणि वर बघायचं.” रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात हेच आहे: जे दिसतं त्याची आशा कोण धरील?

“पण मग बरं होण्याची प्रार्थना थांबवू?” हा प्रश्न मला दर वेळी येतो. नाही, अजिबात थांबवू नका. गेथशेमाने बागेत येशूनेही दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलंच, आणि मागून झाल्यावर पित्याची इच्छा होवो म्हणाला. मेलेल्या लाजराला उठवायचं आहे हे ठाऊक असूनही तो आधी रडला. आणि वधस्तंभावर, श्वास तुटत असताना, आईला शिष्याच्या हवाली केलं. याला आपल्याकडे निरवानिरव म्हणतात. ज्याच्या पुनरुत्थानावर सगळी आशा उभी आहे, त्यानेच मरताना घरची सोय लावली. मग खानापूरच्या शेतकऱ्याने पहाणीचं नाव काढलं तर अविश्वास कसा?

इच्छा मोडते तेव्हा आशेचं काय होतं, हे विचारणाऱ्यांना मी पंडिता रमाबाईंची शेवटची वर्षं सांगते. मुक्ती मिशनचा भार लेक मनोरमा उचलेल अशी मांडणी होती. मनोरमा १९२१ मध्ये गेली. रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करत होत्या. ते काम त्यांनी सोडलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्याही गेल्या, आणि संपूर्ण बायबल छापून आलं १९२४ मध्ये. मार्थाबाईंनी यावर एकच विचारलं, “लेक गेल्यावर रडल्या असतील की नाही त्या?” मी म्हटलं, आई होती ती.

त्यांना गृहपाठ एवढाच दिला: संध्याकाळी गोळी लागू पडली की दहा मिनिटं जवळ बसायचं, “काय सांगायचंय?” विचारायचं, आणि उत्तर द्यायचं नाही.

पहिल्या दिवशी मालकांनी पहाणीचा कागद, सोसायटीचं पीककर्ज आणि मुलाच्या नावावर वारसा लावायचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “मला भीती वाटतीय. तू घाबरशील म्हणून बोललो नाही.” दोघंही एकमेकांसाठी सोंग करत होती. हे मी अनेक घरांत पाहिलंय, तरी दर वेळी घशात येतं. बांधावरून अबोला धरलेल्या भावालाही त्यांनी बोलावून घेतलं. भाऊ आला, चहा प्याला, हवापाण्याचं बोलून गेला. तेवढंच झालं. पाळकसाहेबांशी बोलल्यावर प्रार्थनेतल्या त्या वडीलधाऱ्या बाईही आल्या. या वेळी काही बजावलं नाही, पाय चेपत बसल्या.

ते वैशाखात गेले. मार्थाबाई मातीच्या वेळी खूप रडल्या आणि कोणी तरी “विश्वासणाऱ्याने असं रडू नये” म्हणालं. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात एवढंच आहे की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. शोकच करू नका असं नाही. हे मी तिथे बोलले नाही. मातीच्या वेळी वाद घालू नये.

पंधरा दिवसांनी रोहिणी लागली, आणि मुलाने पेरणीची कुरी धरली.

कबरेवरचा दगड पुढच्या वर्षी बसवला. रोमच्या भुयारी दफनभूमीत सुरुवातीचे ख्रिस्ती लोक आपल्या माणसाच्या कबरेवर नांगर कोरत, हे कधीतरी मी बोलून गेले होते. मार्थाबाईंनी गवंड्याला सांगितलं, “नावाच्या वर नांगर काढ.” त्याने काढला. रुमणं, इसाड, फाळ, सगळं नीट. पाळकसाहेब म्हणाले, चुकलंय, पुसून दुसरा काढू. मार्थाबाईंनी दगडावरची धूळ पदराने पुसली आणि म्हणाल्या, “असू दे की. त्यांचा हाच.”